रीमरचा पट्टा

तुळसाबाईने पिशवीतून पाण्याच्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड पिनसकट काढून टेबलावर ठेवला. जगदेव मिस्त्रीने रॉडकडे नंतर पाहिलं. आधी त्याने तिच्यामागे दाराकडे पाहिलं. नथ्थू आला नव्हता.

"बूश गेलं, भाऊ. वांगे सुकून राह्यले," ती म्हणाली. "घरच्यायनं सांगतलं, जगदेवकडंच ने."

जगदेवकडंच! शेलूबाजारात हमरस्त्याला दुसरी वर्कशॉपं काय कमी होती? दिवाळीत भांडून गेलेल्या भागीदाराने, नथ्थूने, बायकोला इथेच पाठवलं होतं. जगदेवच्या जिवात जीव आला. हे एवढं काम नीट उतरलं, तर नथ्थूला 'परत ये' म्हणायला तोंड राहील, असं त्याला वाटलं.

दुकानात त्या मापाचं एकच पितळी बूश, पिन जिच्यात फिरते ती नळी, उरलं होतं. ते त्याने रॉडमध्ये दाबून बसवलं आणि ड्रिलने त्याचं भोक वाढवलं, मापाला केसभर कमी. तो उरलेला केस काढायचा रीमरने, भोक गुळगुळीत करून मापात आणणाऱ्या हत्याराने. रीमर मोठा मानी. त्याला मशीनची चाल संथ लागते आणि दाब एकसारखा. त्यासाठी मशीनच्या डोक्यावरचा पट्टा हळू चालीच्या कप्पीवर घ्यावा लागतो.

जगदेवने ड्रिल काढलं, रीमर चढवला, तेल सोडलं आणि सवयीप्रमाणे जरासा थांबला. मग बटण दाबलं.

मशीन किंचाळलं. त्याने घाईघाईने बंद केलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. भोक आतून खरबरीत झालं होतं आणि पिन घातली तर खुळखुळत होती. मोठं झालेलं भोक काही लहान करता येत नाही.

त्याने वर पाहिलं. पट्टा ड्रिलच्याच जलद चालीवर होता. इतकी वर्षं तो असा जरासा थांबायचा, तेवढ्यात नथ्थू काही न बोलता पट्टा बदलून मोकळा व्हायचा. जगदेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वयनी, नवीन बूश मी उद्या अकोल्याहून आणतो," तो खाली मान घालून म्हणाला. "पन नथ्थूले पाठवसान काय? जराशाक वेळ. पट्टा बदलाले."

तुळसाबाईने खरबरीत भोकात बोट फिरवून पाहिलं.

"निंगतानी त्यायनं सांगतलं होतं मले, 'जगदेवले पट्ट्याची आठवन देजो.' मीच नाई बोलली."

"काहून?"

"कशी बोलू, भाऊ? दिवाळीले तुमीच तं म्हटलं होतं त्यायले, पट्टा काय, कोनीबी बदलते."