रोज बघितलेला फोटो

"मॅडम, माझ्या लेकीचा फोटो दिसंना झालाय," दिनकर मगदूम मोबाइल पुढे करत म्हणाले.

केतकीनं मोबाइल हातात घेतला. ती काम करत होती त्या बातम्यांच्या वेबसाइटचं पान उघडं होतं, फोटोची चौकट रिकामी. वेबसाइटला लागणारी वीज वाचावी म्हणून तिनंच जास्त डेटा खाणाऱ्या जाहिराती हटवल्या होत्या आणि कुणी बघत नाही असे हजारो जुने फोटो कायमचे पुसले होते. त्याबद्दल कालच तिचा सत्कार झाला होता.

"शाळेच्या शर्यतीत ती पहिली आली, तेव्हाचा होता. पुढच्याच वर्षी तापानं गेली. घरातले फोटो पुरात गेले. रोज सकाळी मी तुमच्याकडचा बघायचो."

दिवसातून एकदाच उघडणारं पान केतकीनं 'कुणी बघत नाही' यातच धरलं होतं.

तिनं सगळीकडे धुंडाळलं. अखेर नखाएवढी एक प्रत सापडली. मोठी केली, तर चेहऱ्याच्या जागी नुसते रंगीत चौकोन उरले.

मगदूमांनी चष्मा पुसून पडद्याजवळ तोंड नेलं. बराच वेळ ते बघत राहिले.

"हीच ती. हसतेय बघा."

"हो काका," केतकी म्हणाली.