भिंतीवरचे भाऊजी

जादुई कादंबरीवरून काढलेला, चार पिढ्यांचा सिनेमा. त्यात मेलेली माणसं पंगतीला येऊन बसत होती आणि आम्ही दुसऱ्या पिढीतच थकलो होतो. तरी पाहत होतो, कारण गेल्या वर्षी शूटिंग आमच्या आर्वीतच झालं होतं. सिनेमातल्या घराच्या भिंतीसाठी माझ्या बहिणीनं, शोभाताईनं, सासरच्या पूर्वजांचे फोटो दिले होते. त्यांना हार घालणार म्हणून जिवंत माणसाचा एकही दिला नव्हता.

दुपारी टीव्हीवर ती भिंत आली. शेवटचा फोटो ताईच्या नवऱ्याचा होता, हारासकट. खरे भाऊजी माझ्या शेजारी चिवडा खात होते.

"माया फोटो काऊन देल्ला वं?"

"मी नाई देल्ला," ताई म्हणाली.

फोटोत भाऊजींनी चौकड्यांचा शर्ट घातला होता. तोच आत्ता त्यांच्या अंगावर होता, आज सकाळीच घडी मोडलेला.

"काढा तो शर्ट आधी!" ताई ओरडली.

भाऊजींनी कंटाळत शर्ट काढला आणि बनियनवर बसले. "झालं समाधान?"

सिनेमात आणखी एक पिढी जन्मली. भिंत पुन्हा आली.

फोटोत भाऊजी बनियनवर होते. हार मात्र तसाच होता.