डावी चप्पल

टक. कर्र. फरक. टक. कर्र. फरक.

घराच्या पुढच्या सोप्यात बाळासो वॉकर टेकत, उजवी चप्पल वाजवत आणि डावी फरफटत चालला होता. ज्यानं चालायचं तो आकाराम पैलवान कॉटवर उताणा पडून शेंगदाणे खात होता. आत बायडाबाई भाकरी थापत होती. नवरा पायाचा व्यायाम करतोय, असं तिला वाटावं म्हणून ही सगळी कसरत.

मॅच ऐन रंगात असताना टीव्हीवर मुंग्या आल्या, म्हणून आकाराम अँटेना फिरवायला कौलावर चढला आणि अँटेनासकट खाली आला. मणक्यातली नस चेंबटली, पण तुटली नाही. उजवा पाय परत आला. डाव्याची मांडी आली, पंजा काही उचलेना.

"निरोप पायापर्यंत पोचतोय, पण थोडाच," फिजिओथेरपीवाल्या प्रीतीताई म्हणाल्या होत्या. "टाच आधी टेकवा, मग चवडा. रोज चाललात तर स्नायू शिकेल. नाहीतर बसल्या जागी वाळेल."

बायडाबाईनं लगेच ठेवणीतल्या करकरत्या कोल्हापुरी काढल्या आणि निसटू नयेत म्हणून मागनं वादी बांधली. टाचेपासून चवड्यापर्यंत पाऊल नीट वळलं तरच ती चप्पल वाजते. फरफटली तर मुकी.

पण एकदा डावा पंजा अडकला आणि आकाराम सोप्यातच आडवा झाला. पाठ भुईला टेकली आणि नेमकी दारात शेजारची झुंबरबाई! भल्याभल्यांना चीत केलेला गडी चपलेनं चीत केला. तेव्हापासून त्यानं पाऊल टाकणं सोडलं आणि तालमीतल्या दोस्ताला, बाळासोला, आपल्या चपलेत उभा केला. दिवसभर कॉटवर पाठ टेकून पडायची मात्र त्याला काही लाज वाटत नव्हती.

बाळासो नक्कल झकास करायचा. पण एका सकाळी आवाज आला, टक. कर्र. कर्र.

आकारामच्या घशात शेंगदाणा अडकला. बाळासोनं चपला कॉटखाली भिरकावल्या, तोवर पिठाच्या हातानं बायडाबाई बाहेर.

"डावी वाजली! अवो, डावी वाजली!"

"आत्ताच टेकलं की वैनी, दमल्यात," बाळासो म्हणाला.

ती ऐकायला थांबली कुठं? बोळभर ओरडत गेली, "दसऱ्याला पैलवान तालमीत चालत येणार! सोनं द्यायला!"

"लेका, दोन्ही कशाला वाजीवल्यास?"

"इसरलो की, पैलवान. तंद्री लागली."

आता आली का पंचाईत! न जावं तर बायकोपुढं लबाडी उघडी, जावं तर सगळ्या शिवाजी पेठेपुढं पाठ टेकणार.

बायडाबाईला त्याच सुमारास पापडांचं वेड लागलं. रोज दुपारी ती झुंबरबाईकडे लाटायला जायची. ती बोळात वळली की आकाराम उठायचा. "उचल की, मुडद्या!" म्हणून पंजाला शिव्या द्यायचा. पाय थरथरायचा, बनियन पिळून निघायचं. पडायचाही. पण बघायला कोण नव्हतं, म्हणून परत उठायचा.

दसऱ्याला तालमीपुढं हलगी कडाडत होती. आकाराम दिसला तशी ती थांबली. अख्ख्या पेठेचे कान त्याच्या पायाशी.

टक. कर्र. फरक. टक. कर्र. फरक.

उंबऱ्याशी आकाराम थांबला. ज्या उंबऱ्यातनं आयुष्यभर छाती काढून गेला, तिथंच घाम फुटला. त्यानं डावा पंजा उचलला. टाच आत टेकली. मग चवडा.

कर्र.

बारीकसा आवाज, पण हलगीवाल्यालाही ऐकू गेला. मग काय, पोरांनी नुसता दंगा केला.

तालमीच्या पायरीवर आकाराम टेकला, तशी बायडाबाई खाली बसून त्याची वादी आवळायला लागली. आकारामचं मन खायला लागलं.

"बायडे, एक सांगतो, रागवू नगंस. त्या सकाळी डावी वाजली, तवा चपलेत पाय बाळासोचा हुता."

वादीची गाठ मारत बायडाबाई म्हणाली, "ठावं हाय. दोन्ही वाजीव म्हणून मीच सांगिटलंतं त्याला."