गुंड्याचे नवे वळण

"अगं, हे पाखरू भाताला शिवतसुद्धा नाही!" भगवानराव काळजीने बायकोला म्हणाले. महिनाभर लेकीच्या घरी राहून कालच परतलेला त्यांचा लाडका कॉकाटील जातीचा छोटा पोपट, कोवळ्या वयाचा गुंड्या, ताटाशेजारी तुरा उभारून नुसता बसला होता. पूर्वी हाच गुंड्या पहिला घास त्यांच्या बोटांतून हिसकावून घेत असे.

व्याकूळ होऊन त्यांनी लेकीला फोन लावला. ती खळखळून हसली. "बाबा, आमच्याकडे सगळे एकदमच जेवायला बसतात. सगळ्यांनी घास घेतल्याशिवाय तोही खात नाही. आईचं ताट कुठंय?"

आईचे ताट मांडणीवर होते. लग्न झाल्यापासून इंदुमतीबाई पतीचे जेवण उरकल्यावरच जेवत आल्या होत्या.

भगवानराव क्षणभर घुटमळले. मग स्वतः उठून त्यांनी ते ताट शेजारी मांडले. "बैस बघू. नाहीतर हा उपाशी मरायचा."

"अहो, पण गरम पोळ्या कोण वाढणार?"

"गार खाईन."

इंदुमतीबाईंनी संकोचाने पहिला घास घेतला, तोच गुंड्या भातावर तुटून पडला. "मला इतक्या वर्षांत जमलं नाही," त्या हसल्या, "ते या टीचभर पाखरानं करून दाखवलं!"

पुढे काही दिवसांतच गुंड्या ते वळण साफ विसरला. एका दुपारी तो एकटाच यथेच्छ जेवून पिंजऱ्यात डुलक्या घेत होता. भगवानरावांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, दोन ताटे मांडली आणि स्वयंपाकघराकडे पाहून हाक मारली,

"अगं, ये लवकर! पाखरू बिचारं केव्हाचं खोळंबलंय."