शून्य अपघातांचा जिल्हा

"चार वर्षांत एकही अपघात नाही?" अराबा क्वेनसननं तिसऱ्यांदा विचारलं.

"देवाची कृपा, मॅडम," बोआडू म्हणाले. कुमासीपलीकडच्या त्या लाकूड कापायच्या कारखान्यात कामगारांची सुरक्षितता त्यांच्याकडे होती. मागे उभ्या कामगारांनी माना डोलावल्या. एकानं अदबीनं टोपी काढली, तीही डाव्या हातानं; उजवा फडक्यात गुंडाळलेला होता.

"आणि हे?" अराबानं हाताकडे पाहिलं.

"हे होय? हे काही नाही," तो कामगार म्हणाला.

देशभरात कामावर होणारे अपघात मोजायचे, ही अराबाची राजधानीतली, आक्रातली नोकरी. सोमवारी अपघात जास्त, जेवणाच्या सुट्टीनंतर त्याहून जास्त, नाताळच्या आधी तर विचारूच नका. कुठल्याही जिल्ह्याचा आलेख घ्या, हाच चढउतार. फक्त या जिल्ह्याची रेघ भुईवर लोळत पडलेली. आक्रातल्या तिच्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं: अपघातच नाहीत, तर तिथल्या आऱ्यांना सरकारनं हात वाचवणाऱ्या जाळ्या कशाला द्यायच्या? सोमवार संध्याकाळपर्यंत नोंदी आल्या नाहीत, तर जाळ्या दुसरीकडे जाणार होत्या. आणि इथली पाती उघडीच फिरत होती. अराबानं डोळ्यांनी पाहिली होती.

रविवारी ती गावच्या ख्रिस्ती देवळात गेली ती देवापाशी रडगाणं गायला. नेमकी त्या दिवशी देवाचे आभार मानायची उपकारस्तुती होती. सगळे पांढऱ्या कपड्यांत. पाळकबुवांनी उपदेशाची एक ओळ गाऊन सोडली, ती ढोलांनी उचलली, ढोलांकडून मंडळीनं घेतली, आणि बघता बघता छप्पर गाऊ लागलं. अराबाचा रुमाल केव्हा हवेत फिरू लागला, तिचं तिलाच कळलं नाही.

मग देवानं ज्यांना तारलं, ते नाचत पुढे आले. पहिला तोच, फडकंवाला. पात्यानं आपला हात मागितला होता, प्रभूनं अंगठ्यावर भागवलं, असं त्यानं गाऊन सांगितलं. दुसऱ्याच्या अंगावर ओंडका आला होता, पण मोडला एकच पाय. तिसऱ्याचा एक कान अजून शाबूत होता. दर साक्षीला तारीख होती, वेळ होती, आणि वर "आमेन" होतं. अकराव्या साक्षीला अराबाचा रुमाल थांबला आणि पेन चालू लागलं.

प्रार्थना सुटल्यावर तिनं फडकंवाल्याला गाठलं. काल नाही म्हणालात, आज भर मंडळीत गाता, हे कसं?

तो बिचारा खरोखर बुचकळ्यात पडला. "मॅडम, तुम्ही अपघाताचं विचारलं होतं. अपघात म्हणजे माणूस गेला. मी तर वाचलोय. देवाचं काम मी अपघात म्हणून कसं लिहून देऊ?"

अराबा रात्रभर त्यावर विचार करत राहिली. सोमवारी सकाळी कारखान्याच्या फाटकात तिनं टेबल मांडलं, छापील तक्त्यावरचा 'अपघात' हा मथळा खोडला आणि मोठ्यानं विचारलं, "कुणाकुणाला देवानं वाचवलंय?"

जेवणाच्या भोंग्याला रांग रस्त्यापर्यंत गेली होती. सगळ्यात पुढे बोआडू उभे होते, एक बूट हातात धरून, पायाची उरलेली तीन बोटं नीट दिसतील अशी पुढे करून.