बोलता येईल इतका वेग

जुवेनाल घराच्या फाटकाबाहेर आला, वाकून बुटांच्या नाड्या पुन्हा घट्ट केल्या आणि कोणाची वाट न बघता चालायला लागला. वाट बघायला कोणी नव्हतंच. आरोग्य केंद्रातला व्यायामाचा वर्ग त्याच्यापुरता संपला होता; त्याची जागा आता दुसऱ्या रोग्याला. यापुढे रोज एकट्याने चालायचं, नाहीतर कमावलेलं सगळं पाण्यात जाईल, असं इवोनेने बजावलं होतं.

व्यायाम घेणारी ही इवोने हिशेब सोपा करून सांगायची. शागास नावाच्या रोगाने पोखरलेल्या हृदयाला पळवायचं नाही, फार लाडावून ठेवायचंही नाही. "चालताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईना, तर वेग कमी करा. आणि गाणं म्हणता यायला लागलं, तर तुम्ही चालत नाही, मिरवताय."

वर्गात ते सोपं होतं. त्याच्या जोडीला कांदिदाबाई असायची, त्याच रोगाची. ती एकामागून एक प्रश्न विचारायची आणि उत्तर तुटक आलं की सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "ही धाप आहे जुवेनालभाऊ, की माझ्या गप्पांना कंटाळून सोडलेला सुस्कारा?"

इथे लाल मातीचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना मोकळी कुरणं. त्याने वेग वाढवला. ठोके छातीत जाणवायला लागले. हा वेग बरोबर की जास्त? त्याने मारियामातेची प्रार्थना म्हणून पाहिली. पण ती लहानपणापासूनची पाठ, ओठ आपले आपण हलत राहिले; वेगाचा अंदाज काही येईना. समोरून शेजारचा ओस्मार मोटारसायकलवर आला. जुवेनालने तोंड उघडेपर्यंत तो हात उंचावून पुढे गेलासुद्धा. धुरळा तेवढा मागे राहिला.

वळणावर जुनं घर होतं. कुडाच्या भिंती, छप्पर अर्धं बसलेलं. लग्नानंतर तो आणि झुल्मिरा इथेच राहिले. याच भिंतींच्या भेगांतून किडे उतरायचे आणि झोपलेल्या माणसाच्या तोंडाला चावायचे. दोघांच्याही अंगात रोग शिरला तो इथूनच. तिच्या वेळी असले वर्ग नव्हते. ती गेल्यापासून जुवेनाल या वळणावर मान फिरवून घ्यायचा.

आज त्याने फिरवली नाही.

"झुल्मिरा," चालता चालताच तो दाराच्या पोकळीकडे बघून म्हणाला, "ती कांदिदा म्हणते, मी... सुस्कारे सोडतो."

वाक्य मध्ये एकदा तुटलं. एका श्वासाने सांधलं गेलं, पुरं झालं. वेग बरोबर होता.

थोडं अंतर तो तसाच चालला. मग, उत्तर ऐकू यावं म्हणून असेल, त्याची पावलं मंदावली.