तिसरा अंक, दुसरा प्रवेश

तोंडी परीक्षेत विभागप्रमुखांनी प्रबंध मिटला आणि टेबलावरून समोर बसलेल्या मुलीकडे ढकलला. नाटकातला उतारा असा देत नाहीत, ते म्हणाले. अंक, प्रवेश, ओळ द्यायची. एवढंही येत नसेल तर माणसाने डॉक्टर व्हायच्या भानगडीत पडू नये.

हे ते दरवर्षी कुणाला ना कुणाला ऐकवत. मुलं त्यांना तळटीप म्हणायची. स्वतःचं असं त्यांना काही सांगायचं नसे. खाली उभं राहून दुसऱ्यांच्या चुका दाखवणं, एवढाच त्यांचा धंदा.

आज भांडण एका वाक्याचं होतं. ‘दार उघडं होतं, म्हणूनच कुणी आत आलं नाही.’ पंचवीस वर्षांपूर्वी तळटीपांनी हे वाक्य एका विस्मरणात गेलेल्या नाटकातलं म्हणून आपल्या पुस्तकात दिलं होतं, आणि खाली ऐटीत लिहिलं होतं: तिसरा अंक, दुसरा प्रवेश. तेव्हापासून ज्याने त्याने ते उचललं. पुस्तकातून घ्यायचं आणि हवाला नाटकाचा द्यायचा. एकाने जेवायचं, बाकीच्यांनी ढेकर द्यायचे. नाटक कुणी उघडलं नव्हतं.

ही पोरगी मात्र खुळी. तिने नाटक मिळवलं आणि चक्क वाचलं. ते दोन अंकी निघालं. वाक्यही त्यात कुठे नव्हतं. म्हणून तिने सरळ तळटीपांच्या पुस्तकाचा हवाला दिला आणि पुढे लिहिलं, ‘मूळ नाटकात आढळत नाही.’

बाहेरून आलेल्या दोन्ही परीक्षकांनी हे वाक्य आपापल्या पुस्तकांत वापरलं होतं, तिसऱ्या अंकासकट. त्यामुळे दोघांचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे झाले. दुसरी एखादी आवृत्ती असेल, एक म्हणाला. असेलच, दुसऱ्याने री ओढली.

तिच्या हातात वेळ नव्हता. सहा वर्षं ती एका कॉलेजात हंगामी शिकवत होती. नव्या सत्राआधी पदवी मिळाली तर जागा कायम, नाहीतर घरी. म्हणून तिने शेवटचा उपाय केला. बाहेर बाकावर बसवून ठेवलेल्या नाटककाराला तिने आत आणलं.

नाटककार जिवंत आहे हे पाहून परीक्षक चपापले. दोघांनीही आपल्या पुस्तकांत त्याला केव्हाच स्वर्गात धाडलं होतं. महिन्याभरापूर्वी ती त्याच्या घरी गेली, तेव्हा म्हाताऱ्याने ते वाक्य दोनदा वाचलं होतं. ‘झकास आहे. पण माझं नाही, पोरी,’ असं तो स्वच्छ बोलला होता. आतून सून म्हणाली होती की वीजबिलाच्या तक्रारीखेरीज मामंजींनी तीस वर्षांत काही लिहिलेलं नाही.

तळटीप मुरलेला माणूस. त्यांनी उठून स्वतःची खुर्ची म्हाताऱ्याला दिली. आमची अख्खी पिढी तुमच्या त्या एका वाक्यावर वाढली, म्हणाले. पुढच्या वर्षी नाटक अभ्यासक्रमाला लावायचा विचार चालू आहे, हेही जाता जाता सांगितलं.

म्हाताऱ्याने पाणी मागितलं. ते सावकाश प्याला.

‘तिसरा अंक होता,’ तो म्हणाला. ‘छापताना प्रकाशकाने गाळला.’

तो हे पंख्याकडे बघत बोलला. तिला त्याची किळस आली. दोन कौतुकाच्या शब्दांना विकला जाणारा माणूस तिने इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. परीक्षकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि निकाल दिला: मूळ संदर्भ अंक-प्रवेशासह द्यावा, सत्र सुरू होण्याआधी. तोवर पदवी नाही.

जिन्यात तिने म्हाताऱ्याला गाठलं. तिसरा अंक आता मी कुठून आणू, तिने विचारलं.

‘जरा दम धर,’ तो कठडा धरून उतरत म्हणाला. ‘लिहितो.’

आणि त्याने खरंच लिहिला. अभ्यासक्रमाचं नाव ऐकताच प्रकाशकाने रातोरात ‘संपूर्ण आवृत्ती’ काढली. तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात एक बाई कारण नसताना उठते, ते वाक्य म्हणते आणि निघून जाते. इतका भिकार अंक तिने उभ्या जन्मात वाचला नव्हता.

सत्राच्या तोंडावर तिने दुरुस्त केलेला प्रबंध आणून ठेवला. तळटीप पट्टी लावून संदर्भ तपासू लागले. नाटककार, नाटक, अंक, प्रवेश, ओळ, सगळं जागच्या जागी. शेवटी आवृत्तीचं साल होतं: चालू वर्ष. त्याच्याच खाली त्यांचं स्वतःचं पुस्तक होतं, आणि त्याचं साल पंचवीस वर्षं मागचं. तिसरा अंक छापून यायच्या पाव शतक आधी सरांनी त्यातला उतारा दिला होता, हे आता कुठल्याही शेंबड्या पोराला दिसलं असतं.

पट्टी थांबली. हे साल काढून टाकता येईल का, त्यांनी हळूच विचारलं.

‘आवृत्तीचं साल गाळायचं नसतं, सर,’ ती म्हणाली. ‘तुम्हीच शिकवलंत.’

तळटीपांनी त्या दोन आकड्यांवरून पट्टी दोनदा फिरवली. मग त्यांचा चेहरा निवळला आणि त्यांनी झोकात सही ठोकली. प्रबंध काय नि पुस्तक काय, एकदा कपाटात गेलं की कुणी उघडून बघत नाही, याची त्यांच्याइतकी खात्री दुसऱ्या कुणाला असणार?